बुवा, येऊ का?

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनीही यावं, सतरंजी अजून मोकळी आहे. आज टाळ गळ्यात घालायची गरज नाही, नुसते कान द्या. एक गोष्ट सांगतो. हिच्यात यंत्र आहे, न्यायाधीश आहेत, चिऱ्याचा एक गडगा आहे आणि तुमच्याआमच्या घरी रोज बोलले जाणारे दोन शब्द आहेत. त्या दोन शब्दांनी एका बाईची देवळाची वाट जवळजवळ बंदच केली होती. सोमेश्वराचं नाव घेऊन सुरुवात करतो.

आमचं वेळशेत खाडीकाठच्या उतारावर वसलेलं. सगळ्यांत खाली सोमेश्वराचं देऊळ, मध्ये विश्वंभरबुवा ताम्हनकरांचं घर आणि अंगण, आणि अंगणाच्या वरच्या अंगाला दत्ताराम गुरवाचं घर. बुवा कीर्तनकार. दत्ताराम देवळाचा पुजारी आणि बुवांचा मृदंगी. लग्न झाल्यावर दत्तारामने वरती घर बांधलं, आणि त्याची बायको उज्ज्वला पहिल्या दिवसापासून बुवांच्या अंगणातून देवळात जाऊ लागली. अंगणाच्या गडग्याला, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणभिंतीला, वर एक खिंड, खाली एक खिंड. वरून आत यायचं, ओटीसमोरून चालायचं, खालून बाहेर पडायचं. एवढीच ती वाट.

बुवांची कीर्तनातली एक खोड सांगितलीच पाहिजे, कारण पुढे ती कामाला येणार आहे. बुवा पद रंगात आणायचे आणि शेवटचा अर्धा चरण सोडून द्यायचे. सोडायचे आणि मान मागे वळवायचे. मागे उभ्या असलेल्या आम्हा टाळकऱ्यांनी तो पुरा करायचा. आम्ही तोंड उघडेपर्यंत बुवांची लेक ऋजुता तो पुरा करून मोकळी झालेली असायची. परकर-पोलकं, हातात झांज, आणि आवाज असा की गाभाऱ्यातली समई थरथरावी. घरीसुद्धा बुवा तेच करायचे. "ऋजू, ताकात मीठ..." म्हणून थांबायचे, ती म्हणायची, "घातलंय."

बुवांचा दुसरा नेम असा, की सकाळचा रियाज ते ओटीवर बसून करायचे आणि रोजचा रोज टिपून ठेवायचे. शेजारी छोटं ध्वनियंत्र, मांडीवर तंबोरा. चोवीस वर्षं हा नेम चालला. मग बुवा गेले. त्याच्या पुढच्या वर्षी दत्तारामला अर्धांगाचा झटका आला आणि तो चाकाच्या खुर्चीत बसला. डावा हात गेला, उजवा राहिला. बुवांचं अंगण उताराचं, पायऱ्या नसलेलं, त्यामुळे उज्ज्वला त्याची खुर्ची तिथून अलगद देवळापर्यंत न्यायची. सडकेने जायचं तर अडीच किलोमीटरचा वळसा, त्यात घाटाचा चढ आणि चिऱ्याचे ट्रक. खुर्ची ढकलत तिथून जाणं म्हणजे जिवावरचं काम.

सन दोन हजार सेहेचाळीसच्या माघात ऋजुता पुणं सोडून गावी आली. जुने आवाज जतन करण्याचं तिचं शिक्षण, नोकरीही त्यातलीच. बुवांच्या रियाजाची टिकून राहिलेली सहा हजार टिपणं तिच्याकडे होती. तिने ठरवलं, अंगणात काचेचं श्रवणगृह उभारायचं. चारी बाजू बंद, आत पूर्ण शांतता, आणि त्या शांततेत बुवांचा आवाज. लोकांनी लांबून यावं, बसावं, ऐकावं. हेतू किती चांगला, तुम्हीच सांगा. पण त्यासाठी तिने वरची खिंड चिरे रचून बुजवली आणि खालच्या खिंडीला लोखंडी फाटक लावलं.

उज्ज्वला फाटकाशी गेली. तिने विचारलं, ह्यांना देवळात न्यायचं कुठून? ऋजुता म्हणाली, सध्या सडकेने न्या, पुढे काही करता आलं तर बघू. मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "काकी, बाबांचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नाही. त्यात बाहेरचा आवाज मिसळायला नको, एवढंच."

"मी बाहेरची झाले का गो?"

"तसं म्हटलं नाही मी."

म्हटलं नव्हतं, पण ऐकू आलं होतं. चिरे तसेच राहिले. दत्तारामची खुर्ची पडवीत थांबली. देवळातली पूजा पुतण्या करू लागला. वर पडवीत फक्त घंटा ऐकू यायची. घंटा झाली की दत्ताराम उजवा हात कपाळाला लावायचा आणि तोंड फिरवून बसायचा. तीन महिने हे बघून उज्ज्वला तालुक्याला गेली आणि तिने दावा लावला.

आता त्या कोर्टाबद्दल थोडं. वाट, पाणी, कुंपण, उजेड अशा शेजारपाजारच्या तंट्यांसाठी सरकारने तेव्हा नवी न्यायालयं काढली होती. नाव स्वमुख न्यायालय. तिथे वकील नाही. वादीने आणि प्रतिवादीने आपापल्या तोंडाने बोलायचं. लोक त्याला तोंडकोर्ट म्हणत. मी तिथेच पुकारा करायला होतो. नावं पडद्यावर यायची, पण म्हाताऱ्यांची नजर पडद्यावर ठरत नाही, म्हणून माझी नोकरी टिकली होती.

एकट्या माणसाला कायदा कसा कळणार? त्यासाठी प्रत्येक पक्षकाराला एक सांगाती मिळायचा. चिंचोक्याएवढा तुकडा, कानामागच्या हाडावर चिकटवायचा. तो हाडातून बोलायचा, म्हणून शेजाऱ्याला ऐकू जायचं नाही. तुमची हकिगत ऐकून तो अर्ज तयार करी. कोर्टात चाललेलं प्रत्येक वाक्य ऐकून, हजारो जुन्या निकालांशी ताडून, पुढे काय बोलावं ते सुचवी, आणि जिंकण्याची शक्यता शेकड्यात सांगे. मात्र त्याला स्वतः कोर्टात बोलायची मुभा नव्हती. बोलायचं ते माणसाने.

उज्ज्वलाने पहिल्या दिवशी त्याला चाळीस मिनिटं हकिगत सांगितली. श्रावणी सोमवार, बुवांच्या ओटीवरची खिरापत, नवऱ्याचं आजारपण, सगळं. त्याने अकरा ओळींचा अर्ज केला. बाकीचं कुठे गेलं म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला, ते असंबद्ध आहे. घरी येऊन तिने हे दत्तारामला सांगितलं. झटक्यामुळे त्याचं बोलणं जड झालं होतं, पण तिरकस बोलणं शाबूत होतं. म्हणाला, "मी एकतीस वर्षं ऐकतोय. हा पहिल्याच दिवशी दमला."

कायदा मात्र सांगातीने तिला नीट समजावला. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून असली तरी वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार, खंड न पडता आणि आपला हक्क समजून चाललात, तर ती वहिवाट होते. मग ती कुणाला बंद करता येत नाही. पण मालकाची परवानगी घेऊन चालत असलात, तर शंभर वर्षांनीही हक्क लागत नाही. परवानगी देणारा ती कधीही काढून घेऊ शकतो. "तुम्ही परवानगी कधी मागितलीत?" सांगातीने विचारलं. उज्ज्वला घुटमळली. तो लगेच म्हणाला, "उत्तर देऊ नका. विषय निघाला नाही, तर आपण काढायचा नाही. शक्यता एक्क्याऐंशी टक्के."

आणखी एक गोष्ट त्याने बजावली. प्रतिपक्षाशी बोलू नका, बोललेला शब्द पुराव्यात येतो. ऋजुताच्या कानामागच्या सांगातीनेही तिला तेच बजावलं होतं. दोघींनी ऐकलं. एकदा पिठाच्या गिरणीवर दोघी समोरासमोर आल्या. उज्ज्वलाचा डबा भरलेला, कमरेवर घ्यायला जड. ऋजुताचा हात सवयीने डब्यापर्यंत गेला, तिथून कानामागे वळला आणि खाली आला. दोघी आपापला डबा उचलून बाहेर पडल्या. मी तिथे दळण घेऊन उभा होतो. इतकी माणसं मी कोर्टात भांडताना बघितली, पण त्या दिवशी गिरणीवर जसं वाटलं तसं कधी वाटलं नाही.

पहिल्या सुनावणीला न्यायाधीश होत्या खोब्रागडे मॅडम. भंडाऱ्याच्या. बोलणं कमी, लिहिणं जास्त. उज्ज्वलाने आपलं म्हणणं मांडलं, गावातल्या दोघांनी ती वाट वापरताना पाहिल्याचं सांगितलं. मग ऋजुता उठली आणि म्हणाली, मला बाबांच्या रियाजाची टिपणं दाखल करायची आहेत.

तिने काय केलं होतं ते सोपं करून सांगतो. मुरलेला मृदंगी चाळीस टाळांच्या गजरातून कुणाचा टाळ मागे पडतोय ते ओळखतो की नाही? तसं एक यंत्र निघालं होतं, ध्वनिगाळणी. तंबोऱ्याच्या तारेचा ठसा वेगळा, पक्ष्याचा वेगळा, माणसाच्या गळ्याचा वेगळा. एकमेकांत मिसळलेले हे ठसे गाळणी सुटे करते आणि तुम्ही मागाल तो आवाज तेवढा हातात देते, बाकीचा गाळ म्हणून टाकून देते. श्रवणगृहासाठी बुवांचा आवाज स्वच्छ करताना ऋजुताला त्या गाळात एका बाईचा आवाज सापडला होता. तिच्या सांगातीने तो मागून घेतला आणि त्याची यादी केली.

कोर्टात ते ऐकवलं. मागे तंबोरा नाही, काही नाही. कोऱ्या शांततेत उज्ज्वलाचा तरुणपणचा आवाज: "बुवा, येऊ का?" आणि बुवांचा: "ये." मग दुसऱ्या दिवशीचं: "बुवा, येऊ का?" "ये." तिसऱ्या दिवशीचं. यादीत असं चार हजार दोनशे सोळा वेळा.

बुवांचा आवाज कानावर पडताच उज्ज्वलाने हात जोडले होते. ती डोळे मिटून ऐकत होती. पुराव्याचा अर्थ तिच्या ध्यानात आलाच नाही. ऋजुता कागदावरून वाचत होती: वादीने दर वेळी मालकाकडे प्रवेशाची परवानगी मागितली आणि मालकाने ती दर वेळी दिली, म्हणून हा वापर परवानगीचा आहे, हक्काचा नाही. वाचताना तिचं वर लक्ष नव्हतं. उज्ज्वलाच्या कानामागून आकडा आला: बावीस टक्के. मॅडमनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

त्या संध्याकाळी मी गुरवांकडे गेलो. उज्ज्वला पडवीत बसली होती. म्हणाली, आता ह्यांना देऊळ दिसत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, मी म्हणत होते खरी 'येऊ का'. पण ते काय आत येण्यासाठी म्हणत होते?"

दत्तारामने मानेनेच खूण केली, ते लाव बघू. कोर्टातून मिळालेली ती गाळलेली नक्कल तिने लावली. दोन-तीन वेळा "येऊ का" झालं आणि त्याने तोंड वाकडं केलं. "हे बुवांचं घरच नव्हे. तंबोरा कुठे गेला? मूळचं लाव."

मूळची टिपणंही पुराव्याबरोबर मिळाली होती, त्यातलं एक लावलं. आणि काय सांगू तुम्हाला, बुवांची सगळी सकाळ त्या पडवीत उतरली. तंबोरा, कावळे, विहिरीचा रहाट, लांब कुठेतरी होडीचं इंजिन. दत्तारामचे डोळे मिटलेले, उजवा हात खुर्चीच्या दांडीवर. थोड्या वेळाने ती बोटं ठेका धरू लागली. मी म्हटलं, जुनी आठवण आली असेल. पण त्याने हात वर करून आम्हाला गप्प केलं, दुसऱ्या दिवसाचं लावायला सांगितलं, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी बोटं तशीच.

"आठ," तो म्हणाला. "आठ पावलं. मग ओटीसमोर थांबतेस, नमस्काराला. मग पुन्हा आठ. दोन आवर्तनं भजनी ठेक्याची. आणि 'येऊ का' पडतं समेवर." मग तो हसला, अर्ध्या तोंडाने. "अंगण ओलांडून झाल्यावर परवानगी कोण मागतं, गो?"

मंडळी, ती पावलं टिपणात चोवीस वर्षं होती. पण गाळणीला माणसाचा आवाज हवा होता, पावलं नको होती. पावलं गाळात गेली, आणि त्यांच्याबरोबर त्या दोन शब्दांचा अर्थही गेला. आपण निघताना "जातो" म्हणत नाही. जाणं म्हणजे कायमचं जाणं, तो शब्द उंबऱ्यावर नको वाटतो. म्हणून आपण "येतो" म्हणतो, "येऊ का" म्हणतो. यंत्राला मराठी येत होती, पण निघणं माहीत नव्हतं.

दुसऱ्या तारखेला कोर्टात गर्दी होती. उज्ज्वलाने मॅडमना विनंती केली, मूळचं टिपण गाळल्याशिवाय ऐकावं. तिच्या सांगातीलाही हे पटलं होतं. त्याने भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून हिशेब करून दिला, की हे शब्द उच्चारताना बाई खालच्या खिंडीत, म्हणजे अंगणाबाहेर पडण्याच्या जागी उभी असायची. मॅडमनी टिपण ऐकलं. मग उज्ज्वलाने सरळ सांगितलं, की साहेब, हे निरोप घेणं आहे, आमच्याकडे निघताना असंच म्हणतात.

मॅडमनी लेखणी खाली ठेवली. "भंडाऱ्याकडेही असंच म्हणतात. आज सकाळी निघताना मी आईला 'येते' म्हणून आले. पण माझी आई इथे पुरावा नाही. तुम्ही पावलं ऐकवलीत, ती पुरावा आहेत." कोर्टात हसू पसरलं. ऋजुताही हसली, आणि मग तिचा हात कानामागे गेला. तिचा सांगाती तिला काहीतरी सांगत होता. ती उभी राहिली.

"वादीला एकच प्रश्न आहे. ही चार हजार वेळा बाजूला ठेवू. तुम्ही कधीच, एकदाही, माझ्या वडिलांकडे या वाटेची परवानगी मागितली नाहीत?"

उज्ज्वला पिंजऱ्यात उभी होती, देवाची शपथ घेऊन. तिच्या कानात काय चाललं होतं ते तिने मला नंतर सांगितलं. सांगाती म्हणत होता, आठवत नाही म्हणा, एकतीस वर्षांपूर्वीचं कुणालाच आठवत नाही, हे खोटं ठरू शकत नाही, शक्यता त्र्याण्णव टक्के. तिने डोळ्यांसमोर पडवीतली खुर्ची आणली. मग कानामागचा चिंचोका काढला आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला.

"एकदा मागितली होती," ती म्हणाली.

मॅडमनी मान वर केली. बुवा काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. उज्ज्वला म्हणाली, "साहेब, ते मी सांगितलं तर माझ्या सोयीचं सांगितलं असं होईल. तिथे तिसरं माणूस होतं. परवानगी असेल तर मी त्या माणसालाच विचारते. ती समोर उभी आहे."

मॅडमनी ऋजुताला शपथ दिली. आता उलटं झालं. प्रश्न उज्ज्वलाचा, उत्तर ऋजुताचं. तुम्हाला सांगतो, कोर्टात एक जुना दंडक आहे. ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न विरुद्ध बाजूला विचारू नये. वकील असता तर त्याने तिचा पदर ओढून खाली बसवलं असतं.

"ऋजू," उज्ज्वला म्हणाली, आणि सात महिन्यांत तिने ते नाव पहिल्यांदा घेतलं. "तू नऊ वर्षांची होतीस. ओटीच्या पायरीवर झांज पुसत बसली होतीस. मी नवी नवरी, हातात फुलांची परडी. वरच्या खिंडीत उभी राहून मी म्हटलं, बुवा, इथून देवळात जाऊ का? बुवांनी तंबोरा खाली ठेवला. म्हणाले, मुली, वाट मी दिली असं म्हटलं, तर उद्या..."

आणि ती थांबली. थांबली आणि तिने मान वळवली, थेट ऋजुताकडे.

मी दाराशी उभा होतो. माझंही तोंड उघडलं, कारण मागे उभं राहून तो चरण झेलायची सवय माझीही होती. पण हा चरण मला ठाऊक नव्हता. तो एकाच माणसाला ठाऊक होता. ऋजुताने नंतर सांगितलं, तिच्या कानात त्या क्षणी तीन शब्द चालू होते: आठवत नाही म्हणा. आठवत नाही म्हणा. तिचे ओठ आवळलेले होते. श्रवणगृहाचा नकाशा समोरच्या टेबलावर पसरलेला होता. भिंतीवरचा पंखा फिरत होता. अर्धा चरण हवेत तसाच होता.

"...तर उद्या ती मला काढून घेता येईल," ऋजुता म्हणाली. आवाज बारीक, पण सुरात. "म्हणून मी देत नाही. तू चाल."

"आणि पुढे?"

"निघताना फक्त..." तिने कानामागचा चिंचोका काढून मुठीत धरला. "निघताना फक्त 'जाते' म्हणू नकोस, एवढंच कर."

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. कायद्याच्या भाषेत त्यांनी काय लिहिलं ते निकालात आहे: परवानगी मागितली असता मालकाने ती देण्याचं नाकारलं आणि वाट वापरणारीचा हक्क मान्य केला, वापर एकतीस वर्षं अखंड, वहिवाट सिद्ध, वाट खुली करावी. त्यांनी ऋजुताला विचारलं, चिरे काढायला किती दिवस लागतील? ती म्हणाली, आज संध्याकाळी काढते. मग न राहवून मॅडमनी विचारलं, तुमच्याविरुद्ध जाणारी साक्ष तुम्ही स्वतः का दिलीत? ऋजुता म्हणाली, "बाबांनी अर्धं सोडलेलं मी कधी तसं ठेवलं नाही."

पक्षकारांचे सांगाती परत घेऊन डबीत ठेवणं माझं काम. त्या दोघींनी ते माझ्या तळहातावर ठेवले. एकाचं बोलणं अजून थांबलं नव्हतं, हाताला बारीक थरथर लागत होती. मी डबी मिटली.

त्या संध्याकाळी ऋजुता, उज्ज्वला आणि मी, तिघांनी मिळून चिरे काढले. पहिला चिरा ऋजुताने उचलला. दुसऱ्याला तिची कंबर लचकली. वर पडवीतून दत्ताराम म्हणाला, "पुण्याचं शिक्षण, चिरा उचलायला नाही शिकवलं." खालचं फाटकही उघडं ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात महिन्यांनी त्याची खुर्ची अंगणातून उतरली.

काचेचं घर झालं नाही. श्रवणगृह झालं, ते बुवांच्या ओटीवरच, उघडं. गाळलेली टिपणं ऋजुताने बाजूला ठेवली आणि मूळची लावली. लांबून लोक येतात, ओटीवर बसतात, बुवांना ऐकतात, आणि मध्येच आठ पावलं, विराम, आठ पावलं आणि "येऊ का" ऐकून एकमेकांकडे बघून हसतात. दत्ताराम देवळातून परतताना तिथे थांबायचा. त्याची उजवी बोटं खुर्चीच्या दांडीवर बुवांना साथ करायची. जाणते लोक सांगतात, बुवांच्या गळ्यापेक्षा त्या बोटांकडे बघून त्यांना अधिक कळलं.

असं दीड वर्ष चाललं. चैत्रातल्या एका सकाळी पूजा आटोपून उज्ज्वला खुर्ची वर नेत होती. वरच्या खिंडीपाशी दत्तारामने हात वर करून तिला थांबवलं. एरवी निघताना हे कधी न म्हणणारा तो मान वळवून म्हणाला, "ऋजू, येऊ का गो?"

ओटीवरून ती म्हणाली, "या, काका."

दुपारी जेवून तो झोपला, तो उठलाच नाही. त्या सकाळी ओटीवरचं यंत्र चालू होतं. खुर्चीच्या चाकांची करकर, तो प्रश्न, ते उत्तर, सगळं त्यात आहे. ऋजुताने त्यातलं काही गाळलं नाही.

झालं, मंडळी. आता बुक्का लावून घ्या आणि निघा, पुष्कळ वेळ बसलात. एकच मागणं आहे. कीर्तनकाराचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं, तुमच्याही राहील. पण मागे बसून ठेका धरणारा माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. तेव्हा कुणाच्या घरून निघताना उंबऱ्यावर तुमच्या तोंडी "येऊ का" येईल, त्या वेळी एक मात्राभर थांबा आणि आमच्या दत्ताराम गुरवाची आठवण ठेवा.